विष झाडाचं की झाडातल्या बुरशीचं?

बेशरमाला गुरं तोंड लावत नाहीत, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. म्हणूनच परसाच्या कुंपणाला, तळ्याच्या काठाला, रस्त्याकडेच्या पाणथळीत ते निर्धास्तपणे वाढू दिलं जातं. फांदी तोडून चिखलात खुपसली की जीव धरते. दांडा मोडला की पांढरा चीक येतो. पानं लांबट आणि टोकदार, फुलं फिकट जांभळी, पसरट तोंडाची. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप आता महाराष्ट्रभर पसरलंय, आणि उरण-पनवेल-पेणच्या सखल भागातही हटकून दिसतं.

पावसाळ्यात हे म्हणणं खरंही असतं. रान हिरवंगार असताना शेळी त्या चिकाच्या पाल्याकडे कशाला वळेल? अडचण येते ती एप्रिल-मे महिन्यांत. सड्यावरचं गवत करपलेलं किंवा वणव्यात गेलेलं, व्हाळ आटलेले, भाताची खाचरं भेगाळलेली. त्यात भात कापून झालं की जनावरं मोकळी सोडायची आपली जुनी पद्धत, त्यामुळे उन्हाळ्यात राखण अशी नसतेच. मग हिरवं काय उरतं, तर पाण्याच्या कडेचं बेशरम. भुकेली शेळी सुरुवातीला नाइलाजाने खाते. पुढे पुढे चांगला चारा समोर टाकला तरी ती त्याच झुडपाकडे धावते. एकीचं बघून दुसरी शिकते आणि कळपातल्या बऱ्याच जणींना चटक लागते. काही आठवडे हे चाललं की दुखणं दिसायला लागतं.

पेणच्या खाडीपट्ट्यातल्या एका वाडीवर मी अशी शेळी जवळून पाहिली. नुसती उभी असताना फार काही जाणवत नव्हतं. केस राठ झालेले, पोट खपाटीला गेलेलं, नजर शून्यात. डॉक्टरांनी हनुवटीखाली हात देऊन तिचं डोकं वर उचललं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि एकदम सोडलं. निरोगी शेळी अशा वेळी मान झटकून चालू लागते. हिचं डोकं लटलट कापायला लागलं, मागचे पाय फाकले आणि ती एका अंगावर कलंडली. उठल्यावर चालताना पुढचा पाय गरजेपेक्षा कितीतरी उंच उचलून आपटत होती.

"डॉक्टर, खाण्याची कमी नाय हो," शेळीवाल्या काकी म्हणाल्या. "दिवसभर चरते. पण अंगाला काय लागत नाय."

"चरते कुठे, काकी?"

काकींनी हात केला तो तळ्याच्या दिशेने.

या शेळीला जंत नव्हते, ताप नव्हता. तिच्या पेशींमध्ये कचरा साठत चालला होता. आपल्या काय किंवा शेळीच्या काय, शरीरातल्या बहुतेक पेशींत जुनी, मोडकी द्रव्यं फोडून टाकणारे बारीक कप्पे असतात. त्यांना लायसोसोम म्हणतात. प्रथिनांना चिकटलेल्या साखरेच्या साखळ्या सोडवण्याचं काम तिथली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, करतात. त्यातलंच एक अल्फा-मॅनोसिडेज. ते मॅनोज नावाच्या साखरेचे दुवे तोडतं. बेशरमाच्या पाल्यात स्वेन्सोनीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या रेणूची ठेवण मॅनोजशी इतकी जुळते की ते थेट या विकरात जाऊन बसतं आणि जागा अडवून ठेवतं. मोरी तुंबल्यावर पाणी उलटं घरात साचावं, तसे अर्धवट तुटलेले साखरेचे तुकडे पेशीत साचत जातात. पेशी फुगते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ती बुडबुड्यांनी भरलेली दिसते.

यकृत, मूत्रपिंडं, स्वादुपिंड, थायरॉइड, सगळीकडे हे घडतं. पण सर्वांत मोठं नुकसान होतं ते तोल सांभाळणाऱ्या, हालचालींचा मेळ घालणाऱ्या लहान मेंदूचं. डोक्याची थरथर आणि पाय उंच टाकणं तिथून येतं. गाभण शेळी गाभडू शकते किंवा अशक्त करडू देते. विष दुधातूनही उतरतं, त्यामुळे ज्या करडाने त्या झुडपाचं पानही चाखलेलं नाही, तेसुद्धा बाधू शकतं.

इथवरची हकीकत पशुवैद्यकांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. खरी उलथापालथ झाली ती पुढच्या प्रश्नावर: हे स्वेन्सोनीन बनवतं कोण?

या द्रव्याचा शोध ऑस्ट्रेलियात लागला, १९७९ साली. तिथल्या माळांवर स्वेन्सोना नावाची शेंगावर्गी वनस्पती खाऊन मेंढ्या आणि गुरं अशीच झोकांड्या खात. त्या वनस्पतीत सापडलं म्हणून नाव स्वेन्सोनीन. १९८२ साली तेच द्रव्य अमेरिकेतल्या लोकोवीड नावाच्या वनस्पतींत सापडलं. तिथल्या पशुपालकांना लोकोवीडने पिढ्यान्‌पिढ्या रडवलं होतं. मात्र कोड्यात टाकणारी एक गोष्ट होती. एकाच माळावर शेजारी शेजारी वाढलेल्या, एकाच जातीच्या दोन झाडांत विषाचं प्रमाण कमालीचं वेगळं निघे. एकात भरपूर, दुसऱ्यात जवळजवळ नाहीच. झाड तेच, माती तीच, पाऊसही तोच.

२००३ साली उत्तर मिळालं. लोकोवीडच्या आत एक बुरशी राहत होती. विष तीच तयार करत होती. ज्या झाडात ती कमी, त्यात विष कमी.

झाडाच्या आत राहणाऱ्या अशा बुरशीला एंडोफाइट म्हणतात. बुरशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर करपा येतो, नाहीतर पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर येणारी पांढरट लव. एंडोफाइटचं तसं काही दिसत नाही. पानावर डाग नाही, कूज नाही, झाड वरून ठणठणीत. बुरशीचे धागे झाडाच्या पेशींच्या मधून वाढतात, फुलापर्यंत पोचतात आणि बीजात शिरतात. पुढच्या पिढीचं रोप उगवतं तेच मुळी बुरशी पोटात घेऊन.

बेशरमाचं गुपित २०१३ साली उलगडलं. संशोधकांनी त्याच्या बियांतून बुरशी वेगळी काढली आणि काचेच्या बशीत वाढवली. तिथे झाडाचा अंशही नसताना तिने स्वेन्सोनीन तयार केलं. दुसरीकडे, बियांना बुरशीनाशक लावून रोपं वाढवली. ती इतर रोपांसारखीच दिसत होती, पण त्यांत स्वेन्सोनीन नव्हतं. कॅलिस्टेजीन नावाची आणखी काही द्रव्यं बेशरमात असतात, ती मात्र या रोपांतही जशीच्या तशी मिळाली, कारण ती झाड स्वतः बनवतं. एकाच पानात दोघांनी बनवलेली रसायनं आणि दोघांचा वाटा असा नेमका वेगळा काढता आला. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

बेशरमाच्या कुळात, म्हणजे समुद्रशोक, मर्यादवेल, गारवेल यांच्या कुळात, हा प्रकार पूर्वीही एकदा घडून गेला होता. १९६० साली स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी जाहीर केलं की या कुळातल्या एका मेक्सिकन वेलीच्या बियांत अरगटची द्रव्यं आहेत. अरगट ही धान्याच्या कणसावर येणारी बुरशी, आणि ही द्रव्यं तोवर फक्त बुरशीतच माहीत होती. फुलझाडात ती कशी असतील? प्रयोगशाळेत भेसळ झाली असेल, अशी शंका सहकाऱ्यांनी घेतली. हॉफमन यांचं निरीक्षण बरोबर होतं आणि शंका घेणाऱ्यांचा मुद्दाही अगदीच चुकीचा नव्हता. जर्मनीतल्या बॉन इथल्या संशोधकांनी अशा वेलींना बुरशीनाशक दिलं तेव्हा ती द्रव्यं नाहीशी झाली. २०११ साली या बुरशीला पेरिग्लँड्युला हे नाव मिळालं. ईशान्य ब्राझीलमध्ये तिच्या सोबतीने वाढणारी एक वेल खाऊन शेळ्या-मेंढ्यांना कंप सुटतो, हेही तिथे जुनं दुखणं आहे.

गवतातल्या एंडोफाइटची कहाणी याहून मोठी आहे, कारण तिथे अख्खी कुरणं गुंतलेली होती. अमेरिकेत १९४३ साली केंटकी-३१ नावाचं टॉल फेस्क्यू गवत शेतकऱ्यांना दिलं गेलं. उन्हाला दाद न देणारं, गुरांनी कितीही तुडवलं तरी पुन्हा उठणारं. लाखो एकरांवर ते पेरलं गेलं. मग थंडीत गाईंच्या शेपटीचे शेंडे आणि कानांची टोकं झडू लागली, खूर सडू लागले. उन्हाळ्यात त्याच गवतावरच्या गाई धापा टाकत दिवसभर पाण्यात उभ्या राहायच्या, दूध आटायचं. १९७७ साली गवताच्या आत बुरशी सापडली. ती एर्गोव्हॅलीन बनवते, त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात. शेपूट, कान, खूर ही रक्तपुरवठ्याची शेवटची टोकं, म्हणून पहिला फटका त्यांना.

न्यूझीलंडमध्ये रायग्रास खाणाऱ्या मेंढ्या उन्हाळ्याच्या शेवटी लटपटायच्या, हाकललं की पडायच्या. १९८१ साली तिथेही कारण म्हणून गवतातली बुरशीच पुढे आली. तिचं विष लोलिट्रेम बी. उपाय सोपा वाटला: बुरशी नसलेलं बी पेरा. पेरलं. मेंढ्या लटपटायच्या थांबल्या, पण गवतच टिकेना, कारण अर्जेंटाइन स्टेम वीव्हिल या सोंडेकिड्याने ते फस्त केलं. त्या किड्याला दूर ठेवणारं पेरामीन नावाचं दुसरं द्रव्यही तीच बुरशी बनवत होती. गवताने तिला पिढ्यान्‌पिढ्या का सांभाळलं, याचा उलगडा असा झाला. शेवटी शास्त्रज्ञांनी पेरामीन बनवणारा पण लोलिट्रेम बी न बनवणारा बुरशीचा वाण शोधून काढला आणि तो गवतात घातला. एआर१ नावाने तो २००१ च्या सुमारास बाजारात आला.

आपल्याकडे कुणी रायग्रास पेरत नाही. पण बुरशीचं विष चाऱ्यातून आणि धान्यातून जनावरांच्या पोटात जाण्याच्या वाटा कोकणातही आहेत. त्यात झाडाच्या आत राहणारी बुरशी वेगळी आणि पिकावर किंवा साठवणीत वाढणारी बुरशी वेगळी, हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण दुसऱ्या प्रकारावर आपला थोडाफार ताबा चालतो.

हरीक घ्या. वरकस जमिनीत नाचणी-वरीच्या जोडीने आपले आजी-आजोबा हरीक करत. पावसात भिजलेला, माजरा हरीक खाल्ला की माणसाला गुंगी येते, ओकाऱ्या होतात, जनावर झिंगतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९८५ साली अशा हरकात सायक्लोपायाझॉनिक ॲसिड हे बुरशीचं विष असल्याचं दाखवलं गेलं. हेच धान्य मध्य प्रदेशात कोदो म्हणून पिकतं. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बांधवगडच्या जंगलात एकाच कळपातले १० हत्ती दगावले. त्यांनी कोदोची शेतं खाल्ली होती आणि तपासणीत हेच विष सापडलं. हरीक हे वाईट धान्य मुळीच नाही. कणसं दाण्यावर असताना पाऊस लागला, ओलाव्यात बुरशी वाढली, तरच ते घातक होतं. अशा उभ्या शेतात जनावर सोडू नये, आणि मळणीनंतरचा काडही आंबोणात घालू नये.

भाताच्या पेंढ्याचंही तेच. पंजाबच्या भातपट्ट्यात म्हशींना देगनाला नावाचा रोग होतो. शेपटीचा शेंडा, कान, खुरांजवळची कातडी काळी पडून झडते. फेस्क्यू गवताच्या गाईंशी किती मिळतंजुळतं आहे पाहा. बुरशी लागलेला भाताचा पेंढा हे त्याचं कारण मानलं जातं. परतीचा पाऊस हल्ली ऐन कापणीत गाठतो. भिजलेल्या पेंढ्या तशाच रचल्या की आत ऊब धरते आणि बुरशी फोफावते. पेंढा सोडताना कुबट वास आला, काळे-पांढरे चट्टे दिसले, धुरळा उडाला, तर तो थर गोठ्यात नेऊ नका. थोडा थोडा मिसळून संपवू, हा हिशेब गुरांच्या अंगावर येतो.

घाटावरून बाजरी किंवा तिचा भरडा आणणाऱ्यांनी अरगटकडे लक्ष द्यावं. कणसातून आधी चिकट मधासारखा स्राव येतो, नंतर दाण्याच्या जागी काळपट, टणक गाठी होतात. मिठाच्या २० टक्के द्रावणात बाजरी ओतली की या हलक्या गाठी तरंगतात आणि वरच्या वर काढता येतात. नंतर धान्य स्वच्छ पाण्याने धुवून वाळवायचं.

आता इतकं बुरशीपुराण ऐकल्यावर प्रत्येक विषारी झाडात बुरशी शोधायला जाऊ नका. घाणेरी खाऊन गुरांना कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते, ते लँटाडीन घाणेरी स्वतः बनवते. कण्हेरीचं हृदय बंद पाडणारं विष कण्हेरीचंच. खुळखुळ्याची मात्र गंमत आहे. त्याच्या बहुतेक जातींत यकृत खराब करणारी द्रव्यं असतात. त्यातल्या एका जातीवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की मुळांवर जिवाणूंच्या गाठी धरल्या तरच ती द्रव्यं तयार होतात. गाठी नाहीत, तर विष नाही.

न्यूझीलंडमधलं एक उदाहरण इथे सांगण्याजोगं आहे. कुरणातल्या वाळक्या गवतावर वाढणाऱ्या एका बुरशीच्या बीजाणूंमुळे तिथल्या मेंढ्यांचं यकृत बिघडतं आणि उन्हात तोंडाची कातडी सोलवटते. वरून पाहिलं तर घाणेरी बाधलेल्या जनावरासारखंच. कारण वेगळं, त्यामुळे खबरदारीही वेगळी. सोललेली कातडी बघून कुणी परस्पर निदान सांगितलं, तर त्यावर विसंबू नका.

बेशरमाकडे परत येतो, कारण लोक मला सगळ्यात जास्त तेच विचारतात. बुरशीचं विष आहे, तर शेळीला बुरशीवरचं औषध देऊन चालेल का? नाही. बुरशी झाडात असते, शेळीच्या अंगात शिरत नाही. शेळीच्या पोटात जातं ते फक्त तयार विष. पाला वाळवून घातला तर? वाळवल्याने स्वेन्सोनीन जात नाही. कापलेली झुडपं कुंपणाशी टाकून दिली आणि ती वाळल्यावर शेळ्यांनी खाल्ली, तरी बाधा व्हायची ती होतेच. झुडपावर बुरशीनाशक फवारणंही व्यर्थ आहे. प्रयोगशाळेत बियांवर जमलं ते तळ्याकाठच्या रानात जमणारं नाही.

या बाधेवर उतारा नाही. जनावर त्या जागेवरून हलवणं हाच उपचार. स्वेन्सोनीन रक्तातून काही दिवसांत निघून जातं आणि विकर पुन्हा कामाला लागतं. लवकर ओळखलं तर शेळी बरीच सावरते. पण मेंदूतल्या पेशी एकदा मेल्या की त्या परत येत नाहीत, थरथर जन्माची राहते. अशी शेळी बरी दिसली तरी तिला पैदाशीला ठेवू नये आणि तळ्याकडे तर मुळीच सोडू नये, कारण चटक लागलेली एक शेळी बाकीच्यांना वाट दाखवते. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या मुखाशी माराजो नावाचं बेट आहे, आपल्या खाडीपट्ट्यासारखंच पाणथळ आणि बेशरमाने भरलेलं. तिथल्या संशोधकांनी शेळ्यांना बेशरम खाऊ घालून लगेच लिथियम क्लोराइड दिलं. पोटात मळमळलं आणि त्या पाल्याची शिसारी बसली. हा उद्योग पशुवैद्यकाच्या हाताखालीच करायचा, घरी करून बघायचा नाही.

आपल्या वाडीवर करण्याजोगं म्हणजे मार्चअखेरीपासून जूनचा पाऊस लागेपर्यंत शेळ्यांना घरून काहीतरी हिरवं द्यायचं. फणस, उंबर, शेवगा, शेवरी यांचा पाला कोकणात मिळतो. रिकाम्या पोटी कळप पाणथळीकडे न्यायचा नाही. पाणी पाजायच्या जागेभोवतीचं बेशरम मुळासकट उपटून, शेळ्या पोचणार नाहीत अशा जागी टाकायचं. नुसतं छाटलं तर ते दुप्पट फुटतं.

आणि जनावर अडखळायला लागलं तर १९६२ या क्रमांकावर फोन करून किंवा जवळच्या दवाखान्यातून डॉक्टरांना बोलवताना तीन गोष्टी तयार ठेवा: गेल्या महिनाभरात जनावर कुठे चरलं, वैरण किंवा भरडा नवा आणला होता का, आणि त्या जागेवरच्या झाडांच्या पानाफुलांसकट फांद्या, कागदात गुंडाळून. प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या तर त्या घामेजून दवाखान्यात पोचेपर्यंत कुजतात आणि त्यांवर भलत्याच बुरशा वाढतात.